समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांतले सूक्ष्मजीव नागपुरात बसून वाढवता येतील का?

पाणबुडी_नागपूर (धागाकर्ता)
एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या प्रकल्पाचा विषय पक्का करायचा आहे. विषय खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांतले, म्हणजे हायड्रोथर्मल व्हेंटमधले सूक्ष्मजीव. नुसता सेमिनार नको, एखादा जीव बाटलीत वाढवून दाखवायचा आहे. डोळ्यासमोर मिथेनोकाल्डोकॉकस जॅनाशाय आहे: पूर्व पॅसिफिकमध्ये सुमारे २६०० मीटर खोलीवरचा, ८५ अंशांना वाढणारा. १९९६ साली आर्कियांपैकी (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्याच कुळातले एकपेशीय जीव) पहिला संपूर्ण जीनोम वाचला गेला तो याचाच.

हाताशी ऑटोक्लेव्ह, वॉटर बाथ, ओव्हन, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आणि नायट्रोजनचा सिलिंडर आहे. ॲनारोबिक चेंबर, म्हणजे ऑक्सिजनविना काम करायची बंद पेटी, नाही. समुद्र तर कुठल्याच बाजूने जवळ नाही. तीन प्रश्न: २६० वातावरणांचा दाब द्यावा लागेल का? चेंबरशिवाय जमेल का? आणि कल्चर कुठून मागवायचं?

वऱ्हाडी_ठेचा
वॉटर बाथ कायले पाह्यजे बाप्पा? मे महिन्यात गच्चीवर ठेवा बाटली.

ऑक्सिजन_नको
ठेचाभाऊ, मे महिन्यातली गच्चीसुद्धा ८५ ला पोचत नाही, त्यामुळे बाथ लागेलच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. जॅनाशाय काचेच्या बाटलीत २-३ बार गॅसखाली मजेत वाढतो. खोलीवर दाबाचं मुख्य काम पाणी द्रव ठेवायचं असतं, म्हणून ३५० अंशांचं पाणीही तिथे उकळत नाही. ८५ अंशांना ती अडचण मुळातच नाही. ज्यांना दाब अंगी मुरलेला आहे असे जीव थोडे आहेत. पायरोकॉकस यायानोसाय हे त्यातलं ठळक नाव. अटलांटिकमधल्या ४१०० मीटर खोलीवरच्या अशाझे जागेचा हा जीव साधारण ५२ मेगापास्कलला (५१० वातावरणांच्या आसपास) सर्वांत चांगला वाढतो आणि वातावरणाच्या दाबाला वाढतच नाही. त्याच्या नादी लागू नका, त्याला स्टीलची दाबपात्रं आणि पंप लागतो.

दुसऱ्याचं उत्तर: चेंबरशिवाय जमतं. हंगेट पद्धत, म्हणजे गॅसच्या झोताखाली बंद बाटल्यांत ऑक्सिजनविना काम करायची रीत, नेमकी त्यासाठीच आहे.

मिथेनवाला
वरच्याशी सहमत, पण सुरुवात जॅनाशायपासून करू नका. हायड्रोजन खाणारा, ऑक्सिजनचा वासही न चालणारा जीव पहिल्याच झटक्यात ८५ अंशांना आणि खाऱ्या मीडियात (वाढीच्या द्रावणात) लावाल, आणि वाढला नाही तर दोष कशाचा हे कळणारच नाही.

त्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद नागपुरात फुकट मिळतो: मिथेनोथर्मोबॅक्टर थर्मऑटोट्रॉफिकस. झायकस आणि वुल्फ यांनी १९७२ साली त्याचं वर्णन केलं ते अमेरिकेतल्या अर्बाना इथल्या सांडपाण्याच्या गाळातून. वाढ ६५ अंशांना, खाणं तेच: हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. शहरातल्या कुठल्याही पाचक टाकीचा गाळ किंवा गोबर गॅसची स्लरी चालेल. हे जमलं की मीडियात लिटरला ३० ग्रॅम मीठ टाकून, पीएच ६ ला आणून आणि बाथ ८५ वर नेऊन जॅनाशायकडे जाता येतं. बाटल्या, बुचं, गॅस, सुया, हाताची सवय, सगळं तेच.

सूक्ष्मदर्शी
+१. मिथेन करणारे ओळखायलाही सोपे. त्यांच्यातला एफ४२० हा सहघटक ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात निळा-हिरवा चमकतो. रंग न देता ओली स्लाइड लावायची. चमक लवकर विझते, म्हणून आधी कॅमेरा तयार ठेवायचा आणि मगच शटर उघडायचं.

नवखी_रसायनी
हंगेट पद्धत कोणी पायरीपायरीने सांगेल का? पुस्तकात तांब्याचा तापवलेला स्तंभ दिलाय, तो नाही आमच्याकडे.

ऑक्सिजन_नको
ताई, सांगतो. जिथे घोळ होतो तिथेच जास्त लिहितो.

क्षार, व्हिटॅमिन, सूक्ष्म मूलद्रव्यं एकत्र करा. त्यात रेझाझुरिन (ऑक्सिजन उरलाय का ते रंगाने दाखवणारा पदार्थ), ०.१ टक्के द्रावण लिटरला १ मिली. मीडिया उकळा आणि नायट्रोजन-कार्बन डायऑक्साइड (८०:२०) खालीच थंड करा. मग लिटरला ४ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि ०.५ ग्रॅम सिस्टीन. रंग निळ्याचा गुलाबी होईल आणि नंतर उडेल. गॅसचा झोत चालू ठेवूनच १०० मिलीच्या सीरम बाटल्यांत २०-२० मिली भरा, बूच दाबा, ॲल्युमिनियमचं टोपण क्रिंप करा, ऑटोक्लेव्ह करा. थंड झाल्यावर वेगळं निर्जंतुक केलेलं २.५ टक्के सोडियम सल्फाइड बाटलीमागे ०.४ मिली. शेवटी आतला गॅस काढून हायड्रोजन-कार्बन डायऑक्साइड (८०:२०) भरून एकूण २ बार, म्हणजे मीटरवर १.

आता घोळ. बायकार्बोनेटवर नुसता नायट्रोजन सोडलात तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच ९ च्या दिशेने चढतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम फॉस्फेट पांढरं होऊन बसतं. ते गढूळ दिसतं आणि लोक वाढ म्हणून नोंदवतात. सल्फाइड टाकल्यावर लोहामुळे मीडिया करडा-काळा होतो, तीही वाढ नव्हे. म्हणून गढूळपणावर विश्वास ठेवायचाच नाही, मिथेन मोजायचा.

सल्फाइडचे खडे पारदर्शक हवेत. वर पांढरी बुरशीसारखी पूड धरली असेल तर ते हवेने खराब झालंय. पाण्यात झटकन विसळून, टिपकागदाने टिपून मग वजन करा. नागपूरच्या पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की ते पाणी ओढून चिकट होतं.

खारेपाणी
रेझाझुरिन बिनरंगी झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. ते साधारण उणे ५० मिलिव्होल्ट रेडॉक्स विभवालाच (जितकं उणे तितका मीडिया ऑक्सिजनापासून दूर) रंग सोडतं, मिथेन करणाऱ्यांना उणे ३०० च्या खाली लागतं. सिस्टीनने रंग जातो, खरी खोली सल्फाइड गाठून देतं. दोन्ही ठेवा.

मिथेनवाला
तांब्याच्या स्तंभाबद्दल माझं वेगळं मत. ३५० अंशांच्या तांब्यातून गॅस नेला की त्यातला उरलासुरला ऑक्सिजन अडकतो, तांबं काळं पडतं, हायड्रोजन सोडला की पुन्हा लखलखीत. उत्तम गोष्ट आहे, पण ९९.९९९ टक्क्यांचा गॅस आणि वर सल्फाइड असेल तर या प्रकल्पाला त्याच्यावाचून चालतं. खरी गळती सिलिंडरात नसते, नळीत असते. प्रयोगशाळेत सगळीकडे सिलिकॉनची नळी लावलेली असते आणि सिलिकॉनमधून ऑक्सिजन चाळणीतून जावा तसा जातो. ब्युटाइल रबर, व्हिटॉन किंवा सरळ तांब्याची बारीक नळी लावा. सिलिकॉन ठेवायचीच असेल तर शेवटचे दोन इंच.

ऑक्सिजन_नको
स्तंभ नको म्हणणं मला पटत नाही. सिलिंडर संपत आला, रेग्युलेटर बदलला, जोड सैल राहिला, या प्रत्येक वेळी स्तंभच वाचवतो. पण नळीबद्दल शंभर टक्के मान्य.

संत्राबर्फी
बुचं कुठली? औषधाच्या बाटलीची राखाडी बुचं चालतील का? सीताबर्डीत मिळतात.

मिथेनवाला
२० मिमीची राखाडी ब्रोमोब्युटाइल बुचं चार-सहा वेळा टोचेपर्यंत ठीक. पातळ असतात, ८५ अंशांना दोन आठवडे ठेवली की टोचलेल्या जागेतून गळतात. जाड निळी ब्युटाइल बुचं महाग आहेत, पण धुऊन परत वापरता येतात. लाल किंवा पिवळसर साधं रबर मात्र नकोच, त्यातून हवा आत येते.

उष्णकटिबंध
दाबाचा हिशेब कोणी केलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. २५ अंशांना एकूण २ बार भरलेली बाटली ८५ ला नेली की गॅस २.४ बार होतो. त्यात पाण्याच्या वाफेचे जवळपास ०.६ बार. म्हणजे एकूण ३, बाहेरच्यापेक्षा २ बार जास्त. चरा गेलेली सीरम बाटली इथे फुटू शकते, आणि फुटते ती हातात घेतल्यावर. जाड भिंतीच्या दाबाच्या नळ्या वापरा, किंवा बाटल्या जाळीच्या डब्यात ठेवा आणि बाहेर काढण्याआधी बाथ थंड होऊ द्या. चेहऱ्यावर ढाल हवीच. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असला की पेट घेतो. बाटलीतून काढलेला गॅस खिडकीबाहेर सोडा, जवळ बर्नर नको.

पातालकोट
सांडपाणी कशाला, नागपूरहून छिंदवाड्याकडे निघा, अनहोनीचे गरम झरे आहेत. नैसर्गिक, आणि दिसायलाही प्रकल्प दांडगा.

खारेपाणी
अनहोनीचं पाणी पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास. तिथे उष्णताप्रेमी जीवाणू भरपूर, पण ८० च्या वरचे मिळायची आशा नाही. मध्य भारतात त्याहून गरम हवं तर छत्तीसगडमधलं तातापानी, तिथे काही कुंडं उकळीच्या जवळ आहेत. किनवटजवळचं उनकेश्वरही ८० च्या बरंच खाली.

शिवाय जमिनीवरच्या झऱ्याला व्हेंट म्हणू नका, परीक्षक तिथेच धरतील. व्हेंटमध्ये समुद्राचं पाणी खडकात शिरतं, मॅग्माजवळ तापतं, मॅग्नेशियम आणि सल्फेट घालवून बसतं आणि लोह, हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन घेऊन वर येतं. थंड समुद्रात पडलं की धातूंचे सल्फाइड काळ्या धुरासारखे सुटतात. जीव राहतो तो या दोन पाण्यांच्या सीमेवर, धुरांड्याच्या भिंतीत, जिथे काही सेंटिमीटरांत ३०० चे २ अंश होतात.

पातालकोट
हाव, पण नमुना आणायला बोट लागत नाही ना राजेहो.

सूक्ष्मदर्शी
झऱ्याचा नमुना घेणारच असाल तर बाटली काठोकाठ भरून, बुडबुडा न ठेवता बंद करा, आणि बर्फात ठेवायची घाई नको. कल्चरसाठीचा नमुना गरम ठेवायची गरज नसते, हवा न लागणं महत्त्वाचं. बरेच अतिउष्णताप्रेमी थंड असताना ऑक्सिजन थोडाफार सोसतात, गरम असताना मरतात. डीएनएसाठीचा गाळ मात्र ताबडतोब गोठवा किंवा इथेनॉलमध्ये.

आणि प्रायमर (डीएनएच्या प्रती काढताना हवा तो भाग पकडणारा छोटा तुकडा) तपासून घ्या. २७एफ हा नेहमीचा प्रायमर आर्कियांना पकडत नाही. तो लावून "या झऱ्यात आर्किया नाहीत" असा निष्कर्ष काढणारे प्रबंध कमी नाहीत. ५१५एफ घ्या. पेशी कमी असलेल्या नमुन्यात किटमधलाच डीएनए वर येतो. नमुना न घालता एक कोरी नळी शेवटपर्यंत चालवा, आणि तिच्यात राल्स्टोनिया जीवाणू निघाला की तो झऱ्याच्या यादीतून खोडा.

वऱ्हाडी_ठेचा
पण हे जीव सूर्याशिवाय जगतात हे तर खरं ना? तेवढं एक वाक्य तरी प्रस्तावनेत राहू द्या.

खारेपाणी
अर्धं खरं. १९७७ साली गॅलापागोसजवळ अल्विन पाणबुडीला सापडलेल्या नळीकृमींना, रिफ्टियाला, तोंड नाही, आतडं नाही. शरीरातले जीवाणू सल्फाइड जाळून अन्न करतात, हे कोलीन कॅव्हनॉ यांनी १९८१ साली मांडलं. पण सल्फाइड जाळायला लागणारा ऑक्सिजन येतो वरच्या सूर्यप्रकाशातल्या वनस्पतिप्लवकांकडून. सूर्य विझला तर रिफ्टियाही संपेल. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगणारा जॅनाशायसारखा जीव मात्र खरोखर स्वतंत्र. प्रस्तावनेत वाक्य टाकायचं तर त्याच्याबद्दल टाका.

उष्णकटिबंध
उलटं उदाहरणही आहे: पूर्व पॅसिफिकच्या एका व्हेंटवरून २००५ साली प्रकाशसंश्लेषण करणारा हिरवा गंधक जीवाणू नोंदवला गेला. धुरांड्याच्या उष्णतेची जी मिणमिण असते तिच्यावर जगणारा. सूर्याशिवाय प्रकाशसंश्लेषण!

तर्कट
१९८३ साली बॅरोस आणि डेमिंग यांनी २५० अंशांना वाढणारे जीवाणू दाखवले होते, नेचरमध्ये. मग ८५ चं काय कौतुक?

ऑक्सिजन_नको
तो दावा टिकला नाही. पुढच्याच वर्षी ट्रेंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मीडियातलेच पदार्थ त्या तापमानाला पेशींसारखे कण करतात. त्याच साली व्हाइट यांनी मोजलं की २५० अंशांना एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जा वाहणारं रसायन, क्षणभरही तगत नाही. आज मान्य मर्यादा १२२ अंश, २० मेगापास्कल दाबाखाली. तो विक्रम मिथेनोपायरस कँडलरायच्या ११६ क्रमांकाच्या वाणाचा, ताकाई यांच्या गटाने २००८ साली नोंदवलेला. कमी दाबाला तोच वाण ११६ वर थांबतो. नमुना मध्य हिंदी महासागर कटकावरच्या कैरेई क्षेत्रातल्या धुरांड्याचा, म्हणजे विक्रम आपल्याच महासागराचा.

बॅरोस-डेमिंग प्रकरण प्रकल्पात जरूर घ्या. निर्जंतुक मीडियाची बाटली जीवाच्या बाटलीशेजारी त्याच बाथमध्ये का ठेवायची, हे त्याच्याइतकं कुठलं पाठ्यपुस्तक सांगत नाही.

संत्राबर्फी
आपल्या महासागराचा विषय निघालाच आहे तर: भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी हिंदी महासागरातल्या १०,००० चौरस किमी क्षेत्रात बहुधातू सल्फाइड शोधायचा करार केला. २०२४ मध्ये सुमारे ४५०० मीटर खोलीवरच्या चालू व्हेंटचं छायाचित्र भारतीय शास्त्रज्ञांनी स्वयंचलित पाणबुडीने मिळवलं. कैरेईवर लोह सल्फाइडचे खवले असलेली गोगलगाय आहे, तिला २०१९ साली धोक्यातल्या यादीत टाकलं ते खाणकामाच्या भीतीनेच.

नवखी_रसायनी
हायड्रोजनचा सिलिंडर कॉलेज मान्य करणार नाही. दुसरा पर्याय?

उष्णकटिबंध
थर्मोकॉकस कोडाकरेन्सिस घ्या. जपानच्या कोडाकारा बेटाच्या किनाऱ्यालगतचा, ८५ अंशांचा, पण हायड्रोजन नको. कृत्रिम समुद्रपाणी, लिटरला ५ ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट अर्क आणि गंधकाची पूड. वाढला की हायड्रोजन सल्फाइड सोडतो. लेड ॲसिटेटचा कागद काळा पडतो. बाटली उघडताना हूडखालीच, तो वायू विषारी आहे आणि जास्त झाला की वास येणंच बंद होतं.

गंधकाचा एक सापळा: तो ११५ अंशांच्या आसपास वितळतो. मीडियासोबत १२१ ला ऑटोक्लेव्ह केलात की तळाशी पिवळा गोळा होतो, पृष्ठभाग जातो आणि वाढ मंदावते. गंधक वेगळं ठेवून सलग तीन दिवस तासभर वाफेवर, १०० अंशांना, निर्जंतुक करा. किंवा पॉलिसल्फाइड वापरा: १० ग्रॅम सोडियम सल्फाइड आणि ३ ग्रॅम गंधक १५ मिली पाण्यात, लिटरला २ मिली. गंधक अजिबातच नको असेल तर सोडियम पायरुव्हेटवरही हा वाढतो.

प्लेटवर वसाहती हव्या असतील तर आगर विसरा, ८५ ला ते पाणी होतं. आगराऐवजी उष्णता सोसणारं जेलराइट १ टक्का, सोबत मॅग्नेशियमचा क्षार, नाहीतर ते जमतच नाही. गरम असतानाच ओता, बघता बघता घट्ट होतं. प्लेट काचेच्या, प्लॅस्टिकच्या त्या तापमानाला वाकड्या होतात.

मिथेनवाला
हायड्रोजन नाही म्हणून मिथेनवाल्यांना सोडू नका. हायड्रोजन-कार्बन डायऑक्साइडच्या मिश्र गॅसचा छोटा सिलिंडर दुसऱ्या विभागात असतो बहुतेक, विचारून पाहा. गॅस क्रोमॅटोग्राफवाले हायड्रोजन तरी सहसा बाळगतात.

सूक्ष्मदर्शी
गाळापासून सुरुवात केलीत तर एक चोर लक्षात ठेवा. मूरेलासारखे जीवाणू हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन मिथेनऐवजी ॲसिटेट करतात. गॅस कमी होतो, माणूस खूश होतो, मिथेन शून्य. पीएच उतरत असेल तर हेच चाललंय. तापमान ६५-७० ठेवा, दर वेळी ५ टक्के पुढच्या बाटलीत न्या, आणि तीनचार फेऱ्यांनंतर १०-१० पटीने पातळ करत शेवटची वाढणारी बाटली उचला. जीवाणूंच्या पेशीभिंतीतलं पेप्टिडोग्लायकन नसल्यामुळे पेनिसिलीन गटातली औषधं आर्कियांना लागत नाहीत, पण ६५ अंशांना ॲम्पिसिलीन लवकर निकामी होतं. त्याच्या भरवशावर राहू नका.

मीडियात निकेल आहे ना पाहा. सूक्ष्म मूलद्रव्यांच्या जुन्या कृतींत नसतं, आणि निकेलशिवाय मिथेनवाल्यांचा एफ४३० हा मिथेन करायला लागणारा सहघटक तयार होत नाही. सेलेनियम आणि टंगस्टनही घाला.

तर्कट
म्हणजे शेवटी खोल समुद्राचा प्रकल्प सांडपाण्याच्या टाकीत बुडाला.

खारेपाणी
तर्कटराव, टाकीला नावं ठेवू नका. जपानमध्ये इमाची यांच्या गटाने खोल समुद्राच्या गाळातला असगार्ड आर्किया (केंद्रक असलेल्या पेशींच्या जवळच्या नात्यातला गट) वाढवला आणि २०२० साली प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्यांनी तो गाळ स्पंज टांगलेल्या रिॲक्टरमध्ये २००० दिवसांहून जास्त मिथेनवर ठेवला होता. टांगत्या स्पंजाचं ते तंत्र सांडपाणी शुद्धीकरणातलं, हरियाणात कर्नालला त्याचा प्रत्यक्ष संयंत्र झाला आहे. नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संस्थेच्या शहरात ॲनारोबिक टाक्या जाणणारी माणसं चौकाचौकात सापडतील. समुद्र इथे नाही, हात आहेत.

पाणबुडी_नागपूर
सर्वांचे आभार. आता आराखडा असा: पहिल्या सत्रात गाळातून ६५ अंशांचा मिथेनोथर्मोबॅक्टर, दुसऱ्या सत्रात मिश्र गॅस मिळाला तर जॅनाशाय, नाही मिळाला तर थर्मोकॉकस. तिसरा प्रश्न अजून राहिलाय, कल्चर कुठून?

ऑक्सिजन_नको
जॅनाशाय जर्मनीच्या डीएसएमझेड संग्रहात २६६१ क्रमांकाला आहे, थर्मोकॉकस कोडाकरेन्सिस जपानच्या जेसीएम संग्रहात १२३८० ला. आधी पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात विचारा, ॲनारोबिक जीवांचं काम तिथे चालतं. परदेशातून मागवताना आयात परवान्याचा आणि कस्टम्सचा वेळ धरा. उलट दिशेने, आपल्या झऱ्यातला नमुना बाहेर पाठवायचा तर जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. राज्य मंडळाचं कार्यालय नागपुरातच आहे, जाऊन विचारून या. सुकवलेलं कल्चर आलं की लगेच दोन बाटल्यांत लावा, एका बाटलीवर विसंबू नका.

मिथेनवाला
आराखड्यात एक गोष्ट घाला. चार हायड्रोजन आणि एक कार्बन डायऑक्साइड मिळून एक मिथेन आणि पाणी, म्हणजे पाच घनफळांचं एक होतं. तुमच्या बाटलीत ८० मिली मोकळी जागा, २ बार, म्हणजे १६० मिली गॅस. सगळा खाल्ला तर उरतो ३२ मिली. थंड झाल्यावर आत ०.४ बारच्या आसपास. बायकार्बोनेटमुळे थोडा जास्त भरेल, तरी पोकळी राहतेच. अशा बाटलीत सुई टोचली की हवा आत ओढली जाते आणि चांगली वाढलेली बाटली एका नमुन्यात जाते. म्हणून आधी गॅस भरा, मग नमुना काढा. काचेची सिरिंज लावली आणि दांडा आपोआप आत गेला तर समजा वाढ झाली.

नवखी_रसायनी
मग मिथेन मोजायचा गॅस काढताना हीच अडचण येईल ना?

मिथेनवाला
येईल. आधी ठरलेलं घनफळ नायट्रोजन टोचा, हलवा, मग तितकंच काढा, आणि हिशेबात ते पातळ केल्याचं धरा. सिरिंजला लुअर लॉकचा झडपा लावा आणि सुई बाटलीच्या आत असतानाच बंद करा.